थरथरीतून आलेली ‘व्हाइब’

‘व्हाइब’ हे ‘व्हायब्रेशन’चं आखूड रूप. अमेरिकेतले जाझ वादक ‘व्हाइब्ज’ म्हणत ते व्हायब्राफोनला. त्याच्या धातूच्या पट्ट्यांखाली नळ्या असतात. नळ्यांच्या तोंडाशी चकत्या फिरतात आणि सूर थरथरतो. माणसाकडून किंवा जागेतून जाणवणारा भाव, हा अर्थ साठच्या दशकात रुळला. १९६६मध्ये बीच बॉइज या बँडचं ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे गाणं गाजलं. कुत्र्यांना माणसांची स्पंदनं कळतात, असं बँडमधल्या ब्रायन विल्सनला लहानपणी आईने सांगितलं होतं. गाण्याचं बीज तेच. मूड एकट्याचाही असतो. व्हाइब मात्र समोरच्यापर्यंत पोहोचावी लागते, आणि या शब्दाची खरी गंमत त्यातच आहे. आता तो क्रियापदही झालाय: सूर जुळले की ‘वी व्हाइब्ड’. ‘व्हाइब कोडिंग’, म्हणजे एआयला साध्या भाषेत सांगून कोड लिहून घेणं, हा तर २०२५मध्ये कॉलिन्स शब्दकोशाचा वर्षाचा शब्द ठरला.