संत्र्यांचा हिशेब आणि लोप पावणारी राशी

‘नागपुरी’ म्हणून आपण विकत घेतो ती संत्री केवळ नागपूरचीच असतात असे नव्हे. सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर येथील बागांतही ती पिकतात. 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा या दोन तालुक्यांचाच. येथील घरांत मराठी बोलली जाते, शाळेत बहुधा हिंदी. त्यामुळे आपली मुले ज्याला एका चलाचा लोप करणे म्हणतात, ते तेथील मुले ‘विलोपन विधि’ म्हणून शिकतात. हिशेब मात्र एकच.

समजा, एका बागाईतदाराने मोठ्या फळांचे 50 आणि बारीक फळांचे 20 क्रेट पाठवले. एकत्र 31,000 रुपये आले. पुढच्या खेपेस 30 मोठे, 40 बारीक, मिळाले 27,000. मालाच्या प्रतीनुसार भाव काय पडला, हे व्यापाऱ्याने सांगितलेले नाही. पहिली खेप दुप्पट केल्याची कल्पना करावी : 100 मोठे, 40 बारीक, रक्कम 62,000. तीतून दुसरी खेप वजा करताच बारीक फळे हिशेबातून नाहीशी होतात आणि 70 मोठ्या क्रेटचे 35,000 उरतात. म्हणजे मोठ्याचा भाव 500. पहिल्या खेपेतील मोठ्या मालाचे 25,000 वजा जाता 20 बारीक क्रेटचे 6,000, भाव 300.

अज्ञात राशी अनेक असलेल्या समीकरणांना भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच आपल्या ‘बीजगणिता’त स्वतंत्र प्रकरण दिले. ‘अनेकवर्णसमीकरण’ हे त्याचे नाव. कारण तेथे अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांवरून नावे आहेत. आजच्या क्ष आणि य पेक्षा ती अधिक देखणी, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु दोन पावत्या हाती आल्या म्हणजे दोन समीकरणे मिळालीच, असे नसते. दुसरी खेप 100 मोठे, 40 बारीक आणि रक्कम 62,000 अशी असती, तर वजाबाकीत दोन्ही राशी एकदमच लोपल्या असत्या आणि शून्य बरोबर शून्य एवढेच उरले असते; ती पावती म्हणजे पहिलीचीच दुप्पट, तिच्यातून भाव निघणे शक्य नाही. आणि तेवढ्याच मालाचे 60,000 आले असते, तर शून्य बरोबर 2,000 असे अशक्य विधान समोर आले असते. तेव्हा गणित तपासत बसू नये. दोन खेपांच्या दरम्यान भाव उतरला, की क्रेट मोजण्यात चूक झाली, हे व्यापाऱ्याला विचारावे.