फुकट विजेचं चाक

एक मोटर. तिला पट्ट्याने जोडलेलं जड लोखंडी चाक. चाकापलीकडे अल्टरनेटर. आधी मोटरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये. चाकाने वेग घेतला की तीच पिन काढून अल्टरनेटरच्या बोर्डात. आणि काय आश्चर्य, बल्ब पेटलेलाच! मागे जोशपूर्ण म्युझिक, खाली ओळ : ‘वीज बिल विसरा, शेअर करा.’ असा व्हिडिओ तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आलाच असणार.

माझ्याकडे तो हातकणंगल्याच्या मामाकडून आला. सोबत प्रश्न : ‘असलं मशीन एक जण करून द्यालाय. निम्मे पैसे आधी मागालाय. देऊ काय?’

मामा भोळा वगैरे अजिबात नाही. या तालुक्यात मशीनचं कुणाला अप्रूप नाही. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्री, हुपरीचं चांदीकाम, सगळं इथलंच. शिवाय २०२४ मध्ये सरकारने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत केली, म्हणजे बिलाचंही दुखणं नाही. दुखणं आहे वेळेचं. रात्रपाळीची वीज आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला निघायचं. पायाखाली पाइप आहे की साप, अंधारात कळत नाही. अशा माणसाला कुणी ‘स्वतःची वीज, हवी तेव्हा’ म्हणालं, तर तो ऐकणारच ना?

आणि हे स्वप्न यूट्यूबवर जन्मलेलं नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे. पोकळ आऱ्या, त्यांत निम्म्यापर्यंत पारा, तोंडं बंद. पारा सरकत राहील आणि चाक फिरत राहील, अशी कल्पना. याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. एवढा मोठा गणिती, पण असं चाक फिरत राहत नाही. एका बाजूचा पारा मध्यापासून लांब जातो खरा, पण तेव्हा दुसऱ्या बाजूला जास्त पारा जमलेला असतो. तराजू बरोबरीत येतो, चाक थांबतं. ऊर्जा नव्याने तयार होत नाही, फक्त रूप बदलते, हा नियम पक्का झाला १८४० च्या दशकात. त्यामुळे भास्कराचार्यांना माफ. आपल्याला ती सवलत नाही.

आता व्हिडिओतल्या मशीनचा हिशेब. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट. मोटरला तेवढे दिले आणि ती ८० टक्के कार्यक्षम धरली, तर चाकापर्यंत पोचतात ५९७. अल्टरनेटरही ८० टक्के धरा, हातात उरतात ४७७. मोटरला परत हवेत ७४६! पट्टा आणि बेअरिंगचं घर्षण तर अजून मोजलंच नाही. टीडीएस आणि पीएफ कापून आलेल्या रकमेतून दर महिन्याला पूर्ण सीटीसी काढून दाखवा बघू.

मग बल्ब पेटतो कसा? चाकामुळे. ५० किलोचं, ६० सेंटिमीटर व्यासाचं भरीव चाक १५०० आरपीएमने फिरत असेल, तर त्यात साधारण २८,००० ज्यूल ऊर्जा साठते. तीही भिंतीतल्या सॉकेटमधूनच आलेली. एवढ्यावर १०० वॉटचा बल्ब फार तर साडेचार मिनिटं चालेल. व्हिडिओ दोन मिनिटांचाच का, कळलं? त्याहून लांब असेल, तर टेबलाखाली बघा. बॅटरी किंवा लपवलेली वायर सापडेल.

‘पाणी वर चढवू, खाली सोडून टर्बाइन फिरवू, त्याच विजेने परत वर चढवू’, हाही एक लाडका फंडा. पाणी वर-खाली करणारा प्रकल्प महाराष्ट्रात खरंच आहे. अकोले तालुक्यातलं घाटघर, २५० मेगावॉट, २००८ पासून. पण घाटघर देतं त्यापेक्षा जास्त वीज खातं, आणि हे कुणी लपवत नाही. मागणी कमी असताना पाणी वर, मागणी वाढली की खाली. ती वीज ठेवायची बँक आहे, आणि बँक चार्जेस कापतेच.

‘पेटंट पेंडिंग आहे’ असं सांगतात, त्याचं काय? अर्ज कुणीही करू शकतो. पण निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला पेटंट नाही, असं १९७० च्या पेटंट कायद्यातच लिहिलंय. आणि हा प्रकार फक्त आपल्याकडेच चालतो, असंही नाही. डब्लिनच्या स्टिऑर्न कंपनीने २००६ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान दिलं होतं. २००९ मध्ये त्यांच्याच निवडलेल्या परीक्षकांनी एकमताने सांगून टाकलं, ऊर्जा तयार झाल्याचं कंपनीने दाखवलेलं नाही.

मामाला मी यातलं काहीच ऐकवलं नाही. एवढंच लिहिलं : ‘मशीन तुझ्या मळ्यात आणायला सांग. बाहेरची वायर नको, बॅटरी नको. तुझा ५ एचपीचा पंप त्यावर आठ दिवस चालू दे, मग सगळे पैसे एकदम दे.’ मामाने तीच अट घातली. समोरून उत्तर आलं, ‘डेमो फक्त आमच्या वर्कशॉपात.’ मामा जे समजायचं ते समजला. अॅडव्हान्स खिशातच राहिला.

पण रात्रीच्या पाण्याचा प्रश्न तसाच राहिला, म्हणून ‘हे खोटं आहे’ एवढं सांगून आपलं काम संपत नाही. दिवसा पंप चालवायला सौर पंप आहे. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने साधारण १० टक्के रक्कम भरायची. घराच्या छतासाठी त्याच वर्षी ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांचं अनुदान. सोलर पॅनलला ‘इनपुट कुठून?’ विचारलं, तर ते सरळ वर बोट दाखवतं.

बाकी मशीनवाल्यांनाही हाच प्रश्न विचारा. उत्तर देता आलं नाही, तर समजून जा, इनपुट तुमच्या खिशातून येणार आहे.