मोटारीचे मागील ब्रेक : पॅड घरी कसे बदलावे

शेतमाल व दूध वेळेवर बाजारात पोहोचविण्यासाठी मोटार आता शेतकऱ्याच्या नित्याच्या उपयोगाची वस्तू झाली आहे. पालघर व ठाण्याकडून बोरिवली, अंधेरी, मुलुंड किंवा घाटकोपर येथे येणाऱ्या गाडीला उपनगरात पावलोपावली थांबावे लागते. ब्रेक दाबला असता गाडीचा भार पुढे झुकतो व थांबविण्याचे बरेचसे काम पुढील चाके करतात. मागील ब्रेक सावकाश झिजतात आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु बहुतेक मोटारींचा हातब्रेक मागील चाकांवरच चालतो. उतारावर उभी केलेली भरलेली गाडी मागे घसरली, तर मागे खेळणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतू शकते.

ब्रेकचा प्रकार ओळखा

कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या मागील चाकांना ड्रम ब्रेक असत. आजही अनेक गाड्यांत मागे ड्रमच असतात व त्यांत पॅडऐवजी लायनर लावलेले शू असतात. पुढील कृती मागे डिस्क असलेल्या गाडीसाठी आहे. हातब्रेक विजेच्या बटणावर चालत असल्यास हे काम कारखान्यातच करून घ्यावे.

पॅडवरील घासणारा थर सुमारे ३ मिलिमीटर उरला, किंवा ब्रेक दाबताना लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला, म्हणजे पॅड बदलण्याची वेळ झाली असे समजावे. निश्चित माप गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

कृती

१. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. गाडी गिअरमध्ये ठेवून हातब्रेक सोडावा.

२. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. जॅकने गाडी उचलून तिच्याखाली भक्कम घोडी लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर काम करणे प्राणघातक ठरू शकते.

३. एका वेळी एकाच चाकाचे काम करावे, म्हणजे दुसरी बाजू नमुन्यादाखल राहते. कॅलिपरचे बोल्ट काढून तो तारेने टांगावा. ब्रेकच्या नळीवर त्याचा भार पडू देऊ नये.

४. पॅडवरची धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याच्या धुळीने फुप्फुसांचे दुर्धर रोग होतात. धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

५. नवे पॅड जाड असल्याने पिस्टन आत सारावा लागतो. हातब्रेक कॅलिपरमध्येच असल्यास पिस्टन बहुधा फिरवून आत न्यावा लागतो. तो जोराने दाबल्यास आतील यंत्रणा मोडते. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइलची पातळी वाढते, म्हणून टाकीवर लक्ष ठेवावे.

६. नवे पॅड बसवावेत. घासणाऱ्या पृष्ठाला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये. दोन्ही मागील चाकांचे पॅड एकाच वेळी व एकाच बनावटीचे घालावेत. बोल्ट पुस्तिकेतील मापानुसार आवळावेत.

सर्वांत महत्त्वाची सूचना

काम झाल्यावर गाडी हलविण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबावे. पहिल्या दाबाला ते तळापर्यंत जाते व त्या स्थितीत गाडी थांबत नाही. त्यानंतर ब्रेक ऑइलची पातळी तपासावी व पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल वापरावे. इंजिनचे तेल घातल्यास रबरी भाग नासतात. मोकळ्या जागी संथ गतीने व उतारावर हातब्रेकची चाचणी घेऊनच माल भरावा. पहिले काही दिवस एकदम जोराचा ब्रेक टाळावा.

कारागीर केव्हा बोलवावा

पेडल मऊ लागणे, चाकाजवळ ऑइल गळणे, डिस्कवर खोल चरे पडणे किंवा गाडी एका बाजूस ओढली जाणे, ही लक्षणे दिसल्यास घरी दुरुस्ती करू नये.

पावसाळ्यातील दक्षता

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एरव्हीही उपनगरातील भुयारी मार्गांत पाणी साचते. अशा पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच काही वेळा दाबून वाळवावेत. खाडीकाठच्या गावांत खाऱ्या हवेमुळे कॅलिपरच्या सरकत्या खिळ्या गंजतात, त्यांची पावसाळ्यापूर्वी तपासणी करावी.

ग्रामसेवकांनी जाणत्या कारागिराच्या साह्याने गावात एकदा ह्या कृतीचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. निदान उटी व घोडी लावण्याची सवय प्रत्येक गाडीमालकास लागली, तरी त्या श्रमाचे चीज होईल.