'बोलू नकोस, ते ऐकताहेत!'

आम्ही भिशीच्या अकरा जणी. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जमायचं, हा नेम. गेल्या श्रावणातल्या भिशीला पलीकडच्या गल्लीतल्या काकू आल्याच नाहीत. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, मुलगी जर्मनीत. फोनही उचलेनात. शेवटी खिचडीचा डबा घेऊन मीच त्यांच्याकडे गेले.

दार अर्धवट उघडलं. काकूंचा चेहरा पांढराफटक. मी काही विचारणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं, 'बोलू नकोस. ते ऐकताहेत.'

टीव्हीशेजारी फोन उभा करून ठेवलेला. पडद्यावर पोलिसी गणवेशातला एक माणूस हिंदीत दरडावत होता. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुमचे सगळे कॉल आम्ही ऐकतोय, मुलीशी इंटरनेटवरून बोलता तेही ऐकतोय, कोणाला सांगितलंत तर मुलीला तिकडेच अटक होईल. बाई दीड दिवस त्या फोनसमोर बसून होत्या. आदल्या रात्री मुलीचा व्हॉट्सअॅप कॉल आला, तेव्हा 'बरी आहे गं, झोपते आता' एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला. ६० हजार रुपये पाठवून झाले होते. मुदत ठेव मोडायला दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं ठरलं होतं.

मी आधी तो कॉल बंद केला. मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, बँकेत धावपळ आणि पोलीस ठाण्यात तक्रार. थोडे पैसे वाटेत गोठवता आले, बाकीचे गेले. ठेव मात्र वाचली.

रात्री मी त्यांच्याकडेच झोपले. अंधारात काकूंनी विचारलं, "अगं, पण सरकार खरंच फोन ऐकतं ना? मग मला खोटं कसं वाटणार?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. मी कला शाखेची पदवीधर, कायद्याचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. मग आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या वकीलबाईंना गाठलं, चार दिवस प्रश्न विचारून भंडावून सोडलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडते, कारण काकूंचा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे.

तर, होय. सरकार फोन ऐकू शकतं. हा अधिकार इंग्रजांच्या काळातल्या १८८५ च्या तार कायद्यापासून आहे. पण त्याला कुंपणही आहे. 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, घरात किंवा कचेरीत बसून फोनवर बोलणं हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे, कोणालाही वाटेल तेव्हा तो ऐकता येणार नाही. त्यातूनच पुढे २००७ चे नियम आले. आता जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे आणि त्याखालचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये निघाले.

नियम काय म्हणतात? फोन ऐकायचा तर केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी आदेश लागतो. अगदीच नाइलाज असेल तर खास नेमलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी तो देऊ शकतो. आणीबाणीची वेळ असेल तर पोलिसांतले फार वरचे अधिकारी सुरुवात करू शकतात, पण सात कामकाजाच्या दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर ऐकणं बंद करावं लागतं. कारणंही ठरलेली आहेत : देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी अशी. एक आदेश ६० दिवस चालतो आणि कितीही वाढवला तरी १८० दिवसांपुढे नाही. प्रत्येक आदेश सचिवांच्या समितीपुढे तपासणीला जातो. आता त्या समितीत सगळे सरकारी अधिकारीच, न्यायाधीश कोणी नाही, हा आक्षेप जाणकार घेतात आणि मला तो पटतो. पण इतकं तरी नक्की, की कोण्या फौजदाराच्या मनात आलं म्हणून आपला फोन ऐकला जात नाही.

मग इंटरनेटवरच्या कॉलचं काय? वकीलबाईंनी सोप्या भाषेत सांगितलं. साधा फोन म्हणजे पोस्टकार्ड. टेलिफोन कंपनीच्या हातून जातं, आदेश असेल तर वाचता येतं. व्हॉट्सअॅपचा कॉल म्हणजे कुलूपबंद पेटी, किल्ल्या दोनच : एक बोलणाऱ्याच्या फोनमध्ये, दुसरी ऐकणाऱ्याच्या. २०१६ पासून हे कुलूप सगळ्यांच्या कॉलना आहे. पेटी कुठून कुठे आणि केव्हा गेली याची नोंद मिळू शकते, पण मधल्या वाटेवर आतलं बोलणं ऐकता येत नाही. इंटरनेटवरच्या संभाषणासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आणि २००९ चे नियम आहेत, तिथेही गृहसचिवाचाच आदेश लागतो. कुलूप फुटायची भीती आहे ती दुसरीकडे. आपला फोन कोणाच्या हातात गेला, कोणाच्या सांगण्यावरून एखादं अॅप टाकलं किंवा आपला पडदा दुसऱ्याला दाखवला, तर पेटी आपणच उघडून दिल्यासारखं होतं.

या ऐकण्याची गरज कधी पडते, ते महाराष्ट्राला सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसं गेली. हॉटेलांत आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेले अतिरेकी मोबाइलवर बोलत होते आणि पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका कंपनीची इंटरनेट फोनसेवा वापरत होते. आपल्या यंत्रणांनी ते मोबाइल ऐकले आणि बोलणं नोंदवून घेतलं. कसाबच्या खटल्यात ते पुरावा म्हणून आलं. तिथे ऐकणं हे कर्तव्यच होतं.

पण उठसूट ऐकलं तर? त्याचंही उदाहरण आपल्याच राज्यातलं. एका लाचेच्या प्रकरणात एका व्यावसायिकाचा फोन ऐकला गेला होता. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तिन्ही आदेश रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षेचा प्रश्न दिसत नाही, असं म्हणत त्या नोंदी नष्ट करायला सांगितलं. म्हणजे बघा, लाचेचा आरोप असलेल्या माणसालाही कायद्याने हे संरक्षण दिलं. मग आयुष्यभर शाळेत बाराखडी शिकवणाऱ्या आपल्या काकूंना नाही का?

आता हे सगळं त्या गणवेशातल्या माणसाशेजारी ठेवून बघा. कायद्याने ऐकणारा गुपचूप ऐकतो. तो फोन करून 'मी ऐकतोय' असं सांगत नाही, कारण सांगितलं तर ऐकण्याचा उपयोगच काय? तो पैसे मागत नाही. कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवाद म्हणूनच, तीही महिला अधिकाऱ्याने आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे 'कोणाला सांगू नका'. हे वाक्य कानावर पडलं की समजावं, पलीकडे चोर आहे. त्याच क्षणी फोन ठेवायचा आणि घरातल्या नाही तर शेजारच्या माणसाला हाक मारायची. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला पैशांचं एवढं नाही गं. पोटच्या पोरीशी मी खोटं बोलले, ते लागलंय." रविवारी मुलीचा कॉल आला तेव्हा त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तासभर दोघी बोलत होत्या.

भाद्रपदातल्या भिशीत काकूंनी स्वतःहून विषय काढला. ६० हजारांचा आकडासुद्धा लपवला नाही. त्या थांबल्या तशी आमच्यातली एक जण हळूच म्हणाली, "मलाही आला होता असा फोन. बारा हजार गेले. घरी बोलतील म्हणून सांगितलंच नाही." थोड्या वेळाने दुसरीनेही तोंड उघडलं. अकरा बायकांच्या भिशीत तिघी निघाल्या! दोघी केवळ घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने गप्प बसल्या होत्या.

मैत्रिणींनो, चोराला आपलं हेच गप्प बसणं हवं असतं. तुमच्याही भिशीत, भजनी मंडळात, बचत गटात हा विषय काढून बघा. आणि घरातल्या पुरुषांनाही सांगणं आहे : फसलेल्या बाईला आधी पाणी द्या, मग १९३० लावा. बोलणी नंतर.