वस्तीवरच्या बागेसाठी पाईप घेताना



उसाचे बेणे घेताना आपण चार जणांना विचारतो. को ८६०३२ लावावा की दुसरी जात, यावर पारावर तास-दीड तास खल होतो. पण घरापुढची परसबाग, एकडोळा रोपांचे ट्रे आणि गोठा यांना पाणी द्यायचा पाईप मात्र बाजारात जो स्वस्त दिसेल तो आपण काखेत मारून आणतो. दोन उन्हाळ्यांत त्याचे तुकडे होतात आणि पुन्हा नवा घ्यावा लागतो. शिरूर-दौंड भागात कालव्याचे आवर्तन आणि वीज या दोन्हींची वाट पाहावी लागते. वीज आली की थोड्या वेळात पाणी भरून घ्यायचे असते. अशा वेळी चुकीचा पाईप परवडत नाही.

पहिली गोष्ट जाडीची. पाईपाची जाडी आतून मोजावी, बाहेरून नव्हे. बाजारात अर्धा इंची (१२.५ मि.मी.), पाऊण इंची (१९ मि.मी.) आणि एक इंची (२५ मि.मी.) असे पाईप मिळतात. दिसायला फरक थोडा वाटतो, पण पाणी पाईपाच्या भिंतीला घासत जाते आणि त्यात दाब खर्च होतो. १०० फुटी म्हणजे सुमारे ३० मीटर पाईपातून मिनिटाला २० लिटर पाणी काढायचे म्हटले, तर अर्धा इंचीत साधारण २३ मीटर उंचीचा दाब नुसत्या घर्षणात जातो. पाऊण इंचीत तो ३ मीटर जातो, आणि एक इंचीत १ मीटरहूनही कमी.

आता आपल्या घराचा विचार करा. स्लॅबवरची टाकी बागेपासून ४ मीटर उंच असली, तर दाब मिळतो तो ४ मीटरचाच. त्यावर १०० फुटी अर्धा इंची पाईप लावला तर मिनिटाला सात-आठ लिटर पाणी येते. पाऊण इंचीतून वीस-बावीस लिटर येते. म्हणजे १५ लिटरची बादली एकीकडे दोन मिनिटांत भरते, तर दुसरीकडे पाऊण मिनिटात. मोटार दमदार नाही म्हणून आपण मोटारीला दोष देतो, पण पुष्कळदा दोष पाईपाचा असतो.

मग सरळ एक इंचीच का घेऊ नये? कारण वजन. १०० फुटी एक इंची पाईपात जवळजवळ १५ लिटर पाणी राहते. तेवढे ओझे रोज घरातली बाई किंवा पोर ओढते, हे ध्यानात ठेवावे. पाऊण इंचीत साडेआठ लिटर राहते. म्हणून ५० फुटांपर्यंत अर्धा इंची चालेल, त्यापुढे पाऊण इंची घ्यावा. एक इंची गोठा धुण्यासाठी ठेवावा. लांबी मोजूनच घ्यावी, कारण फाजील लांबी म्हणजे फाजील घर्षण.

दुसरी गोष्ट मालाची. साधा एकपदरी पाईप वळणावर मुडपतो आणि उन्हात कडक होऊन चिरतो. दोन पदरांच्या मध्ये दोऱ्याची जाळी असलेला पाईप दाब सोसतो व जास्त टिकतो. दुकानात हातभर पाईप घेऊन दुमडून पाहावा. लगेच चपटा झाला तर घेऊ नये. पारदर्शक पाईपात उजेड जाऊन शेवाळ धरते, म्हणून गडद रंगाचा बरा. लपेटा पाईप शेतात पाणी न्यायला ठीक, पण बागेत त्याचा उपयोग नाही, वळणावर तो पाणी अडवतो.

उन्हाळ्यात पाईपातले साठलेले पाणी चांगलेच तापते. ते आधी बाजूला सोडावे आणि गार पाणी आल्यावरच रोपांवर धरावे. कोवळी रोपे भाजून मेली की आपण बेण्याला नावे ठेवतो. काम झाले की पाईप रिकामा करून सावलीत गुंडाळून ठेवावा. बागेच्या साध्या पाईपाने पिण्याचे पाणी भरू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर गेलो होतो. सभासद तणनाशकाचा ड्रम भरत होते. पाईपाचे तोंड ड्रमात बुडालेले, आणि तेवढ्यात वीज गेली. विहिरीवरचा फूटव्हॉल्व्ह गळका होता. नळीतले पाणी मागे उतरू लागले आणि त्याबरोबर ड्रममधले औषधही ओढले जाऊ लागले. मोकळ्या ड्रमात पाणी घटताना दिसले म्हणून त्यांनी पाईप झटकन उपसला. त्याच विहिरीचे पाणी घरात प्यायला आणि दावणीला जात होते. ते दृश्य मला अजून आठवते.

म्हणून औषधाचा ड्रम भरताना पाईपाचे तोंड ड्रमाच्या काठापासून वीतभर वरच ठेवावे, पाण्यात कधीही बुडवू नये. औषध नेहमी पाणी भरून झाल्यावर घालावे. फूटव्हॉल्व्ह दरवर्षी तपासावा. आणि ओल्या हाताने मोटारीच्या पेटीला हात लावू नये, हे तर सांगायला नकोच.

या लगणीच्या आधी घरचा पाईप एकदा उलगडून पाहा, बादली लावून वेळ मोजा. काही अडले तर आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसास विचारावे.

— ऊस विकास अधिकारी