वासातून उडून जाणारे खत

गोबरगॅस बसवलेल्या घरी एक शंका हमखास निघते : "गॅस तर चुलीत जळला, मग मागे राहिलेल्या रबडीत खताचा कस तो काय उरणार?" शंका रास्त आहे. पण चुलीत जातो तो वायू मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांचा. या दोहोंत नायट्रोजन नाही. म्हणजे शेणाबरोबर आत गेलेला नायट्रोजन जवळजवळ सगळा रबडीबरोबर बाहेर येतो. शिवाय टाकीतले जिवाणू प्रथिनांचे विघटन करताना त्यातला बराच नायट्रोजन अमोनियमच्या रूपात मोकळा करतात, आणि तो पिकाला लवकर मिळतो.

कस जातो तो टाकीत नव्हे, टाकीबाहेरच्या खड्ड्यात.

अमोनियम हा पाण्यात विरघळलेला धनभारित आयन. त्याला वास नाही, तो उडून जात नाही. त्याने एक हायड्रोजन आयन सोडला की त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया हा वायू आहे. पाण्यात दोघांचा समतोल असतो आणि तो ठरतो सामूवर. २५ अंश सेल्सिअसला सामू ७.५ असेल तर शंभरांतले जेमतेम दोन कण अमोनियाचे असतात, ९.२५ ला निम्मे, तर ११ ला सुमारे ९८. तापमान वाढले तरी पारडे अमोनियाकडेच झुकते. रबडी उघड्यावर आली की तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, त्यामुळे सामू चढतो. वर ऊन असतेच. रबडी उन्हात वाळवली की वाहून न्यायला सोपी होते हे खरे, पण तोवर अमोनियाचा मोठा वाटा हवेत गेलेला असतो.

वर्गात हे दाखवायला दुकानातले अमोनियम सल्फेट खत पुरते. चमचाभर खत पाण्यात विरघळवा. वास येणार नाही. आता त्यात विझवलेला चुना घाला आणि हळदीच्या पाण्यात बुडवलेली ओली कागदपट्टी भांड्याच्या तोंडाशी धरा. पट्टी लालसर होईल आणि मोकळ्या हवेत ठेवली की पुन्हा पिवळी पडेल. (खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नाक भांड्यावर नेऊ नये.)

हाच प्रयोग मोठ्या मनोऱ्यात केला की अमोनिया परत मिळवता येतो. रबडीतला चोथा वेगळा करून गरम द्रव वरून सोडतात, चुना किंवा कॉस्टिक सोड्याने सामू वाढवतात आणि खालून हवा फुंकतात. अमोनिया घेऊन निघालेली हवा विरल सल्फ्युरिक आम्लातून नेली की अमोनियम सल्फेट तयार होते, म्हणजे आपण प्रयोगाला घेतले तेच खत! लिटरमागे ३ ग्रॅम अमोनियम-नायट्रोजन धरला, तर हजार लिटरांत तो ३ किलो. सगळा हाती लागला तर सुमारे १४ किलो खत मिळेल, पण त्यासाठी साडेदहा किलो शुद्ध आम्ल लागेल. रेणुभारांवरून हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा.

दुसरी वाट स्ट्रुव्हाइटची. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे हे स्फटिक. काही मुतखडेही याचेच असतात. मात्र यात अमोनियम आणि फॉस्फेटचे प्रमाण एकास एक. रबडीत अमोनियम कितीतरी जास्त असल्याने फॉस्फरस सगळा सापडला तरी बराच अमोनियम मागे राहतो.

दोन गुरांच्या गोबरगॅसला असले मनोरे परवडणार नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. ओली रबडी लगेच मातीत मिसळावी, किंवा सावलीतल्या खड्ड्यात पालापाचोळ्याच्या थरांवर ओतून वर मातीचा थर द्यावा. मनोऱ्याचा खर्च निघतो तो कोंबडीखतावर चालणाऱ्या मोठ्या संयंत्रांत. तिथे रबडी जिरवायला जवळपास पुरेशी जमीन नसते, आणि अमोनिया फार साठला तर मिथेन बनवणारे जिवाणूच मंदावतात. तिथे तो काढून घेतला की खत मिळते आणि गॅसही नीट चालू राहतो.