खेळातले सूर आणि सभागृहातले श्रोते

टोकियोतील सन्टोरी हॉल हे भव्य सभागृह ऑक्टोबर १९८६ मध्ये उघडले. हर्बर्ट फॉन कारायान यांच्यासारख्या थोर संगीतसंचालकाचा सल्ला घेऊन बांधलेल्या या वास्तूत बीथोव्हेन आणि ब्राम्स यांच्या रचना घुमाव्यात, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. परंतु वर्ष पुरते लोटले नाही तोच, २० ऑगस्ट १९८७ रोजी, त्याच रंगमंचावर वादकांनी 'ड्रॅगन क्वेस्ट' नामक व्हिडिओ गेमचे संगीत वाजविले. अशा संगीताची जगातील पहिली मैफल म्हणून आज तिचा उल्लेख होतो. जत्रेतली पिपाणी राजदरबारात नेण्याचाच हा प्रकार, असे त्या वेळी कोणास वाटले असेल, तर त्यास सर्वस्वी दोष देता येणार नाही.

कारण मूळ वाद्य खरोखरच पिपाणीच्या कुळातले होते. निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेल्या फॅमिकॉम यंत्रात ध्वनीसाठी अवघे पाच मार्ग होते. त्यांतला एक केवळ खरखर निर्माण करी, तर एक ध्वनिमुद्रित आवाजाचे तुकडे वाजविण्यासाठी होता. चाल पेलू शकतील असे स्वर उरले तीनच. त्यातही खेळातील वीराने तलवार उगारली की, त्या आवाजासाठी यापैकी एखादा स्वर हिरावून घेतला जाई आणि क्षणभर गाणे लंगडे होई. शिवाय तीच धून खेळणाऱ्याच्या कानांवर तासन्‌तास पुनःपुन्हा पडावयाची. ती वीट आणणारी असती, तर खेळणाऱ्याने आवाजच बंद केला असता.

हे आव्हान कोइची सुगियामा यांनी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी स्वीकारले. जाहिरातींचे आणि लोकप्रिय गीतांचे संगीतकार म्हणून त्यांचे नाव तोवर झालेले होते. शोगी या जपानी बुद्धिबळाच्या एका संगणकीय खेळावर आपले अभिप्राय कळविणारे साधे कार्ड त्यांनी एनिक्स कंपनीस धाडले. एवढा नामवंत संगीतकार आपला ग्राहक आहे, हे पाहून कंपनीने त्यांना थेट कामाचेच निमंत्रण दिले. म्हणजे या संगीताचा पहिला मोठा रचनाकार हा आधी स्वतः खेळाचा चाहता होता!

वाद्यांची श्रीमंती नसली की चालीच्या अंगच्या गुणांवरच सारी भिस्त राहते. सुगियामांनी नांदीसाठी दमदार कूचगीत रचले, राजवाड्यासाठी बारोक वळणाची धून योजिली आणि एकट्याने माळरान तुडविणाऱ्या वीराला एक उदास, एकाकी चाल दिली. दोन-तीन स्वरांवर उभ्या असलेल्या या चाली पुढे सबंध वाद्यवृंदाचा भार सहज पेलू शकल्या, यातच त्यांचे मोल दिसून येते.

अशा मैफलीतील चाहत्याचा आनंद समजून घ्यावयाचा तर हे सारे ध्यानी घ्यावे लागते. जी धून त्याने शेकडो वेळा तुटक-तुटक ऐकली, ती प्रथमच अखंड ऐकू येते. यंत्राच्या किरट्या स्वराच्या जागी हॉर्न उभे राहतात, खर्जातली कुरकुर चेलोंच्या गंभीर नादात विरघळते. खेळताना कल्पनेने ज्या राज्याचे रंग भरले होते, ते राज्य कोणीतरी खरोखरच उभे केले, असे त्यास वाटते. हा आनंद संगीताचा नव्हे, केवळ आठवणींचा, असा आक्षेप घेतला जातो. पण नाट्यगीत ऐकताना मराठी रसिकाच्या मनात नाटकातला प्रसंग जागा होत नाही काय? तरीही तेच पद ख्यालगायकाच्या बैठकीत स्वतःच्या बळावर उभे राहते. आठवण श्रोत्याला दारापर्यंत आणते. आत बसवून ठेवण्याचे काम सुरांनाच करावे लागते.

सुरांनी ते काम केले, याला पुढचा इतिहास साक्षी आहे. २००३ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे, मेंडेल्सनच्या स्मृतीशी निगडित असलेल्या गेवांडहाउसमध्ये, चेक नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राने हे संगीत सादर केले. २००४ साली लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने 'फायनल फॅन्टसी' या खेळातील नोबुओ उएमात्सु यांच्या रचना वाजविल्या. १८९५ पासून चालत आलेल्या लंडनच्या प्रॉम्स मालिकेत १ ऑगस्ट २०२२ रोजी व्हिडिओ गेमच्या संगीताला प्रथमच स्वतंत्र संध्याकाळ मिळाली, आणि २०२३ पासून ग्रॅमी पुरस्कारांतही त्यासाठी वेगळा विभाग आला.

या प्रतिष्ठेबरोबर एक धोकाही आला. काही कार्यक्रमांत पाठीमागच्या पडद्यावर खेळाची दृश्ये धावतात, दिव्यांचा लखलखाट होतो आणि ऐंशी वादकांचा मेळा पडद्याचा साथीदार होऊन बसतो. डोळ्यांना इतके खाद्य दिले की कान उपाशी राहतात. सुगियामांनी आपल्या मैफलींना 'फॅमिली क्लासिक' म्हटले ते मुलांनी आईवडिलांसमवेत यावे आणि सभागृहात बसून वाद्यवृंद कसा ऐकावा हे शिकावे, या हेतूने. खेळातली धून ओळखता ओळखता एखाद्या मुलाला ओबो आणि क्लॅरिनेट यांतला भेद कळला, तर तोच मुलगा उद्या ब्राम्सच्या मैफलीचेही तिकीट काढील. ज्यांना अभिजात संगीताच्या ओसरत्या श्रोतृवर्गाची चिंता वाटते, त्यांनी या मुलाकडे पाहून नाक मुरडणे म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याला परत पाठविण्यासारखेच होय.

२३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनास खेळाडूंचे संचलन सुरू झाले, ते 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या नांदीच्या सुरांवर. महासाथीमुळे प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पण दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या किती तरी मध्यमवयीन माणसांना पहिल्या काही स्वरांतच आपले बालपण ओळखू आले असेल. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० सप्टेंबर रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी सुगियामा निवर्तले. तीन किरट्या स्वरांसाठी लिहिलेली त्यांची चाल तोवर एका राष्ट्राच्या स्वागतगीताच्या जागी जाऊन बसली होती.